फोन हातात धरला की रेंज जाते कुठे? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत फोनची रेंज, अँटेना आणि हात या तिघांचं भांडण इतक्या जणांनी मांडलंय की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलले आणि पूर्ण सदर यालाच दिलं. सारखे प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : नवीन फोन टेबलावर असला की चार दांड्या दाखवतो, हातात घेतला की दोन, परत ठेवला की परत चार. शोरूमवाले म्हणतात सगळ्याच फोनना असं होतं, मित्र म्हणतो पीस फॉल्टी आहे, बदलून घे. कोणाचं ऐकू?

शोरूमवाले खोटं बोलत नाहीयेत, पण अर्धंच सांगतायत. हातात धरल्यावर सिग्नल कमी होतो हे जगातल्या प्रत्येक फोनला लागू आहे, त्यातून कुठलीच कंपनी सुटलेली नाही. प्रश्न आहे किती कमी होतो आणि कसं धरल्यावर होतो, आणि तिथे मात्र फोनाफोनात जमीन-अस्मानाचा फरक असतो.

आधी हे कशामुळे होतं ते बघू. अँटेना म्हणजे धातूचा तुकडाच, पण त्याची लांबी अशी ठरवलेली असते की तो ठराविक फ्रिक्वेन्सीला नीट प्रतिसाद देईल. साधारण हिशोब तरंगलांबीच्या पाव भागाचा. ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी ३३ सेंटिमीटर, म्हणजे पाव भाग सुमारे ८ सेंटिमीटर, २१०० मेगाहर्ट्झला तोच साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येतो, आणि फोनमध्ये जागा नसल्यामुळे या पट्ट्या वळवून, दुमडून, कधी फ्रेमचाच भाग वापरून बसवतात. आता यात हात आला की तीन गोष्टी एकदम होतात. एक तर हात म्हणजे बहुतांशी खारट पाणी, ते रेडिओ लहरींची ऊर्जा शोषून तिची किंचितशी उष्णता करतं. दुसरं म्हणजे तळवा मध्ये आल्यामुळे त्या दिशेला लहरी जाणंयेणं कमी होतं. आणि तिसरी गोष्ट, जी लोकांना माहीत नसते आणि जिच्यामुळे खरा घोळ होतो, ती म्हणजे अँटेनाचा सूर बिघडतो. वाजत्या तारेवर बोट टेकलं की सूर बदलतो ना, तसंच, त्वचा जवळ आली की अँटेना जिथे ट्यून केली होती तिथून खालच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकते. कारण हवेचा विद्युत गुणांक, म्हणजे पदार्थ विद्युत क्षेत्राला किती प्रतिसाद देतो त्याचं माप, १ धरला तर कोरड्या त्वचेचा ९०० मेगाहर्ट्झला ४० च्या आसपास असतो, म्हणजे अँटेनाच्या दृष्टीने आजूबाजूचं जगच बदलतं. मग फोनच्या रेडिओकडून आलेली पॉवर अँटेनातून बाहेर पडण्याऐवजी परत मागे फिरते.

सिग्नल डेसिबलमध्ये मोजतात, आणि ३ डेसिबल घटले म्हणजे पॉवर अर्धी, १० घटले म्हणजे दहावा भाग, २० घटले म्हणजे शंभरावा भाग. साध्या पकडीत ५ ते १० डेसिबल गेले तर मी त्याला दोष म्हणणार नाही, आपण माणसं आहोत आणि फोन धरणारच. पण एका विशिष्ट जागी एक बोट टेकवलं की १५-२० डेसिबल जात असतील, आणि ते बोट नेहमीच्या पकडीत आपोआप तिथेच येत असेल, तर तो डिझाइनचा दोष आहे आणि तुमच्या धरण्याचा त्यात काहीही संबंध नाही. तुमच्या केसमध्ये नुसत्या दोन दांड्या गेल्या यावरून काहीच ठरवता येत नाही, ते का, ते पुढच्या एका उत्तरात आहे. घरी मोजायचं कसं तेही पुढे दिलंय, तसं मोजून बघा, आणि जमलं तर त्याच मॉडेलचा दुसरा फोन त्याच जागी तपासा. दोन्ही सारखेच पडत असतील तर डिझाइनच तसं आहे, बदलून तोच फोन मिळेल. तुमचाच जास्त पडत असेल तर पीस फॉल्टी, लगेच बदलून घ्या.

प्रश्न : आयफोन ४ चं अँटेना प्रकरण गाजलं होतं म्हणतात, मी तेव्हा शाळेत होते. नेमकं झालं काय होतं? कंपनीने चूक मान्य केली का?

हे प्रकरण नीट सांगायलाच हवं, कारण आजही कंपन्या ग्राहकाला ज्या भाषेत उत्तर देतात ती बरीचशी तिथली आहे.

आयफोन ४ जून २०१० मध्ये आला. त्याच्या कडेने स्टेनलेस स्टीलची पट्टी होती आणि ती पट्टी हीच अँटेना होती, म्हणजे आत लपवलेली नाही, उघडी, बोटांना लागणारी. कल्पना खरंच देखणी होती, त्यामुळे आत जागा वाचली आणि फोन बारीक झाला. पट्टीचे वेगवेगळे भाग केलेले, एक वाय-फाय, ब्लूटूथ आणि जीपीएससाठी, दुसरा मोबाइल नेटवर्कसाठी, आणि मध्ये बारीक काळी फट. त्यातली एक फट खाली डाव्या कोपऱ्यात होती. डाव्या हातात फोन धरून बघा, तळव्याचा मांसल भाग बरोब्बर तिथे येतो. उजव्या हाताने लिहिणारा माणूस लिहिताना फोन डाव्याच हातात धरतो, म्हणजे ही काही अडनिडी पकड नाही, ही रोजची पकड आहे. त्वचा फटीवर आली की दोन तुकडे एकमेकांशी जोडल्यासारखे होतात आणि अँटेनाचा सूर पार बिघडतो.

फोन विक्रीला आल्याबरोबर लोकांच्या तक्रारी सुरू झाल्या. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख स्टीव्ह जॉब्स यांना एका ग्राहकाने ईमेल केला तर त्यांचं उत्तर आलं की तसं धरू नका. मला हे वाक्य आजही खटकतं. फोन बनवणाऱ्याने हात कसा असतो ते आधी बघायचं असतं, हाताने फोनकडे बघून आपला आकार बदलायचा नसतो.

आनंदटेक या साइटने तेव्हा मोजमाप केलं ते फार उपयोगाचं आहे. सहज धरल्यावर आयफोन ४ चे १९.८ डेसिबल जात होते आणि घट्ट मुठीत धरल्यावर २४.६, म्हणजे सिग्नल जवळजवळ तीनशेपट कमी. त्याआधीचा आयफोन ३जीएस सहज धरल्यावर फक्त १.९ डेसिबल गमावत होता, आणि गूगलचा नेक्सस वन १०.७. या आकड्यांवरून दोन्ही गोष्टी दिसतात बघा, हात लागला की सगळ्यांचाच सिग्नल पडतो हेही खरं आणि आयफोन ४ चा इतरांपेक्षा खूपच जास्त पडत होता हेही खरं. कव्हर घातल्यावर तोच फोन ७.२ वर आला, म्हणजे त्वचा आणि धातू यांच्यात एक दीड मिलिमीटरचं अंतर पडल्याने एवढा फरक.

२ जुलै २०१० ला ॲपलने पत्र काढलं की आमचं दांड्या दाखवायचं गणितच चुकीचं होतं, बऱ्याचदा आम्ही दोन दांड्या जास्त दाखवत होतो. हे खरं होतं, पण मूळ प्रश्नाचं उत्तर नव्हतं. १२ जुलैला कन्झ्युमर रिपोर्ट्स या अमेरिकन ग्राहक नियतकालिकाने लॅबमध्ये तपासून सांगितलं की आम्ही या फोनची शिफारस करू शकत नाही, आणि तात्पुरता उपाय म्हणून फटीवर चिकटपट्टी लावायला सांगितलं. मग १६ जुलैला पत्रकार परिषद झाली, त्यात जॉब्स यांनी ब्लॅकबेरी, एचटीसी आणि सॅमसंगचे फोन धरून त्यांच्याही दांड्या पडतात हे दाखवलं, आपल्या १७ अँटेना चेंबर्सबद्दल आणि १० कोटी डॉलर गुंतवल्याबद्दल सांगितलं, रेंजबद्दल फक्त ०.५५ टक्के ग्राहकांनी फोन केला असंही सांगितलं, पण त्याच बैठकीत हेही सांगावं लागलं की आयफोन ४ वर शंभर कॉलमागे ३जीएसपेक्षा जास्त कॉल कट होतायत, तो फरक एकापेक्षा कमी आहे. आणि सगळ्यांना बंपर नावाचं कव्हर फुकट जाहीर झालं.

चूक मान्य केली का? तोंडाने म्हणाल तर पूर्णपणे नाही. पण २०११ च्या सुरुवातीला व्हेरायझन या अमेरिकन मोबाइल कंपनीसाठी जो आयफोन ४ आला त्यात फटींच्या जागा बदललेल्या होत्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ४एस आला त्यात फोन दोन अँटेनांमध्ये स्वतःहून अदलाबदल करत होता, एकीवर हात आला की दुसरी. २०१२ मध्ये अमेरिकेत सामूहिक दाव्याची तडजोड झाली आणि ग्राहकांना १५ डॉलर किंवा बंपर असा पर्याय मिळाला. माझ्या मते ४एसचं डिझाइन हीच खरी कबुली होती, आणि इंजिनिअर म्हणून ती चांगली कबुली होती.

प्रश्न : माझ्या फोनला फुल रेंज असते तरी नेट चालत नाही, भावाच्या फोनला दोन दांड्या आणि व्हिडिओ पळतो. दांड्यांवर विश्वास ठेवायचा की नाही?

नाही ठेवायचा. म्हणजे एकाच फोनवर सकाळ-संध्याकाळ तुलना करायला ठीक आहे, पण दोन फोनची तुलना दांड्यांनी करूच नका, कारण कुठल्या आकड्याला किती दांड्या दाखवायच्या याचा सगळ्या कंपन्यांना बांधणारा नियम नाही, प्रत्येक जण आपापलं ठरवतो. आयफोन ४ च्याच वेळचं बघा, पहिल्या सॉफ्टवेअरमध्ये उणे ५१ ते उणे ९१ डीबीएम (एका मिलिवॅटच्या तुलनेत सिग्नल किती डेसिबल ते) एवढा प्रचंड पट्टा पाच दांड्यांचा होता, आणि उरलेल्या चार दांड्या उणे ९१ ते उणे ११३ मध्ये कोंबलेल्या. म्हणजे टॉवरजवळ राहणारा माणूस उणे ५५ वर असेल आणि हाताने २४ डेसिबल गेले तरी तो उणे ७९ वर, पाचच्या पाच दांड्या, त्याला वाटणार लोक उगाच ओरडतायत. दुसरा उणे ९० वर, त्यालाही पाच दांड्या, पण हात लागला की उणे ११४ आणि सगळं साफ. फोन तोच, दोष तोच, आणि दोघं एकमेकांना खोटं ठरवतायत.

म्हणून आकडा बघा. अँड्रॉइडवर सेटिंगमध्ये फोनबद्दलच्या माहितीत सिम स्टेटस असतं, तिथे सिग्नल स्ट्रेंग्थ डीबीएममध्ये दिसते, मेनूचं नाव कंपनीप्रमाणे थोडं वेगळं असेल. आयफोनवर डायल पॅडवर *३००१#१२३४५#* टाकून कॉल दाबला की फील्ड टेस्ट उघडतं. आकडा उणे असतो, म्हणून शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. फोर-जीसाठी ढोबळमानाने उणे ८० च्या वर असेल तर मस्त, उणे १०० पर्यंत निभावतं, उणे ११० ला रडारड सुरू होते आणि उणे १२० च्या खाली गेलात तर फोन टिकून राहायला धडपडतो. उणे १०० डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटचा दहा अब्जावा भाग, आणि तेवढ्यातून फोन तुमचा आवाज आणि व्हिडिओ वेगळा काढतो, मला हे दर वेळी थक्क करतं.

तुमच्या फुल रेंजमध्ये नेट न चालण्याचं कारण बहुतेक अँटेना नाहीच, सिग्नल जोरदार असूनही त्या टॉवरवर गर्दी असेल किंवा आजूबाजूच्या टॉवरचा गोंगाट असेल तर असंच होतं.

प्रश्न : मग घरच्या घरी हाताचा परिणाम तपासायचा कसा? मी एकदा बघितलं तर धरल्यावर उलट रेंज वाढली!

वाढू शकते, आणि त्यात गूढ काही नाही. घरात लहरी भिंतींवर आपटून चारी बाजूंनी येतात आणि एकमेकींना कुठे वाढवतात कुठे मारतात, २१०० मेगाहर्ट्झला फोन सातेक सेंटिमीटर सरकवला तरी आकडा बराच बदलू शकतो. तुम्ही टेबलावरून उचलून तोंडाजवळ आणलात म्हणजे हात आणि जागा दोन्ही एकदम बदललं, मग कशामुळे काय झालं ते कळणार कसं.

तर फोनची जागा तीच ठेवा. लाकडी टेबलाच्या कडेला ठेवा, लोखंडी नको, अर्धा मिनिट थांबा कारण आकडा लगेच बदलत नाही, आकडा लिहा, मग न उचलता नेहमीसारखी बोटं आणि तळवा लावा, परत अर्धा मिनिट, परत आकडा. हे पुष्कळदा करा आणि सरासरी घ्या, एका वेळच्या आकड्याला काही अर्थ नसतो. फोन मध्येच दुसऱ्या बँडवर, म्हणजे फ्रिक्वेन्सीच्या दुसऱ्या पट्ट्यावर, किंवा दुसऱ्या टॉवरवर उडी मारतो, तसं झालं तर ते रीडिंग फेकून द्या, ९०० आणि २१०० चे आकडे एकमेकांशी जुळवायचे नसतात. आणि स्पीड टेस्ट करणार असाल तर डाउनलोडपेक्षा अपलोडकडे बघा, टॉवर कित्येक वॉटने ओरडत असतो आणि फोर-जी फोनची कमाल ताकद सुमारे २०० मिलिवॅट, त्यामुळे हाताचा फटका आधी फोनकडून टॉवरकडे जाणाऱ्या बाजूला बसतो. समोरच्याला तुमचा आवाज तुटक येतो पण तुम्हाला त्याचा स्वच्छ ऐकू येतो, असं होत असेल तर हेच एक कारण असू शकतं.

प्रश्न : पबजीसारखे गेम आडवा फोन धरून खेळतो, मधेच पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) एकदम वाढतो. वाय-फाय राउटर समोरच आहे. अँटेनाचा संबंध असेल का?

असू शकतो, आणि तपासायला सोपं आहे. बहुतेक फोनमध्ये अँटेना वरच्या आणि खालच्या टोकाला असतात, आडवा धरला की दोन्ही तळवे नेमके त्याच दोन टोकांवर बसतात, म्हणजे एकीवर हात आला तर दुसरी वापरायची ही फोनची युक्तीच चालत नाही. वाय-फायची अँटेना बऱ्याचदा वरच्या एका कोपऱ्यात असते. फोन १८० अंशात फिरवून खेळून बघा, कोपरे वेगळ्या बोटांखाली जातात आणि कधीकधी तेवढ्यानेच पिंग सुधारतो. किंवा तळवे कोपऱ्यांपासून जरा आत घ्या. गेमिंगसाठी बनवलेल्या काही फोनमध्ये, उदाहरणार्थ असूसच्या आरओजी मालिकेत, वाय-फायची अँटेना आडवी पकड धरूनच बसवली आहे. म्हणजे जमतं, मनावर घेतलं तर जमतं! दोन्ही पकडीत काहीच फरक पडला नाही तर मात्र राउटरचं चॅनेल आणि घरातले बाकीचे डिव्हाइस बघा.

प्रश्न : कव्हरमुळे रेंज कमी होते का?

साध्या सिलिकॉन, रबर किंवा प्लास्टिकच्या कव्हरने सहसा नाही, उलट हात थोडा लांब राहतो म्हणून फायदाच होऊ शकतो. धातूचं कव्हर, धातूची रिंग, मॅग्नेटिक माउंटसाठी चिकटवतात ती लोखंडी चकती, आणि चमकणाऱ्या धातूच्या मुलाम्याची कव्हरं यांनी मात्र होते. चकती लावायचीच असेल तर फोनच्या मध्यावर लावा, टोकांना नको.

प्रश्न : फोनच्या मागे चिकटवायचे सोनेरी स्टिकर मिळतात, रेंज वाढवतात म्हणे. घेऊ का?

नका घेऊ. ज्याला ना बॅटरी ना जोडणी, असा कागदावरचा नक्षीचा तुकडा फोनची पॉवर वाढवू शकत नाही, झालंच तर जवळच्या धातूमुळे अँटेनाचा सूर बिघडवेल.

प्रश्न : पडल्यामुळे मागची काच बदलून घेतली, तेव्हापासून रेंज अर्धी झाली. दुरुस्तीवाला म्हणतो काचेचा आणि रेंजचा संबंध नाही. खरं आहे का?

काचेचा नाही, पण काच उघडण्याचा नक्कीच आहे. फोनमध्ये वरचा मुख्य बोर्ड आणि खालचा चार्जिंगचा बोर्ड यांना जोडणारी एक दोऱ्याएवढी बारीक कोॲक्स वायर असते, तिच्या टोकांना टिचकी बटणासारखे गोल कनेक्टर, ते टक् असा आवाज येईपर्यंत बसले नाहीत की खालच्या अँटेनापर्यंत सिग्नल जवळजवळ पोचतच नाही. शिवाय सोनेरी मुलाम्याच्या छोट्या स्प्रिंग असतात, त्या फ्रेमवरच्या अँटेनाला टेकतात, काच काढताना पत्ती आत गेली तर त्या वाकतात किंवा त्यांच्यावर गोंद जातो. आणि स्क्रू! काही स्क्रू नुसते धरून ठेवायला नसतात, त्यांच्यातून ग्राउंडची जोडणी होते, एखादा कमी लावला किंवा दुसऱ्याच्या जागी लावला तरी रेंज पडते. परत उघडून या तीन गोष्टी बघायला सांगा, बऱ्याचदा फुकटात सुटणारं काम असतं. दुरुस्तीच्या आधी आणि नंतर डीबीएमचा आकडा त्याच जागी लिहून ठेवायची सवय लावून घ्या म्हणजे वाद घालायची वेळ येत नाही.

प्रश्न : जुन्या फोनना बाहेर अँटेना असायची, तेव्हा हा त्रास नव्हता का? मग ती काढली कशाला?

त्रास होता, पण कमी, कारण डोक्याच्याही वर आलेल्या काडीला कोणी मुठीत धरत नव्हतं. तरी त्या काळच्या फोनच्या माहितीपुस्तिकेत लिहिलेलं असायचं की फोन चालू असताना अँटेनाला विनाकारण हात लावू नका. काडी खिशात अडकायची, तुटायची, दिसायला नको वाटायची. नोकियाने १९९८ मध्ये ८८१० आतल्या अँटेनासह आणला आणि १९९९ मध्ये ३२१० आल्यावर तर घराघरात तेच झालं. तेव्हा अँटेना मागच्या बाजूला वर असायची, म्हणजे नेमकी कानाजवळ. डोक्यात शोषली जाणारी ऊर्जा म्हणजे एसएआर, त्याच्या मर्यादा पाळणं पातळ फोनमध्ये अवघड जायला लागलं तशी बऱ्याच डिझाइनमध्ये मुख्य अँटेना खाली हनुवटीकडे गेली, २००४ च्या मोटोरोला रेझरचा तो खालचा फुगवटा आठवतोय ना, अँटेना त्यातच होती. डोकं सुटलं आणि तळवा सापडला. यात कोणाचा निष्काळजीपणा होता असं नाही, फोनवर अशी एकही जागा नाही जिथे ना डोकं येतं ना हात.

पुढे धातूच्या बॉडीची फॅशन आली आणि धातूच्या डब्यात अँटेना ठेवता येत नाही म्हणून फ्रेमचेच तुकडे करून मध्ये प्लास्टिकच्या पट्ट्या भरल्या, कडेला त्या रेघा दिसतात त्या याच. आताचे फोन हात आला की ट्यूनरने अँटेनाचा सूर परत जागेवर आणायचा प्रयत्न करतात, पण शोषली गेलेली ऊर्जा कुठलाच ट्यूनर परत आणू शकत नाही.

प्रश्न : मी डावखुरा आहे. फोन उजव्या हातात धरून बोललो तर आवाज तुटतो, डाव्यात धरला तर ठीक. हा भास आहे का?

भास असेलच असं नाही. अँटेना फोनच्या दोन्ही बाजूंना सारखी नसते, त्यामुळे डाव्या हाताची बोटं जिथे येतात आणि उजव्याची जिथे येतात यात फरक पडतो. डेन्मार्कच्या ऑलबॉर्ग विद्यापीठातले प्राध्यापक गेर्ट फ्रोलुंड पेडरसन यांनी २०१६ मध्ये बाजारातले फोन कृत्रिम डोकं आणि हात लावून मोजले होते, डावा वेगळा, उजवा वेगळा, आणि मॉडेलप्रमाणे खूप मोठे फरक निघाले, काही फोन एका हातात बरे आणि दुसऱ्यात वाईट. अमेरिकेतल्या सीटीआयए या मोबाइल उद्योगाच्या संघटनेच्या चाचणी पद्धतीतही डोक्याशेजारी डावा हात आणि डोक्याशेजारी उजवा हात अशा दोन्ही मोजण्या आहेत. म्हणजे कंपन्यांकडे हे आकडे असतात. ग्राहकापर्यंत ते येत नाहीत, आणि माझं स्पष्ट मत आहे की यायला पाहिजेत, एसएआरचा आकडा देता ना, मग हातात धरल्यावर किती डेसिबल जातात तेही खोक्यावर छापा. मेगापिक्सेल मोठ्या अक्षरात आणि फोन म्हणून फोन कसा चालतो ते कुठेच नाही, हे बरोबर नाही.

प्रश्न : हाताने सिग्नल अडला तर फोन जास्त रेडिएशन सोडतो का? आणि बॅटरी लवकर उतरते ती यामुळेच का?

टॉवर फोनला सतत सांगत असतो की आवाज वाढव किंवा कमी कर. हाताने अडलं की टॉवरला कमी ऐकू येतं, तो वाढव म्हणतो, फोन वाढवतो, बॅटरी जास्त खर्च होते. कमकुवत रेंजमध्ये फोन गरम होतो त्यामागे हे एक मोठं कारण आहे. रेडिएशनची भीती मात्र यावरून धरू नका, कारण एसएआरची चाचणी फोन कमाल पॉवरवर ठेवूनच करतात, अमेरिकेतली मर्यादा १ ग्रॅम ऊतीवर सरासरी १.६ वॉट प्रति किलो, युरोपात १० ग्रॅमवर २ वॉट प्रति किलो. हाताने अडवल्यामुळे फोन त्या कमालीच्या पलीकडे जात नाही. रेंज कमी असेल तेव्हा स्पीकरवर किंवा इअरफोनवर बोलावं, हात आणि डोकं दोन्ही बाजूला होतात आणि आवाजही सुधारतो.

प्रश्न : फाइव्ह-जी आल्यावर हे सुटलं की वाढलं?

दोन्ही. ३.५ गिगाहर्ट्झच्या आसपासचं जे फाइव्ह-जी बहुतेक ठिकाणी वापरतात त्यात पाव तरंगलांबी दोन सेंटिमीटरच्या जवळ, म्हणजे अँटेना छोट्या, म्हणून चार चार बसवता येतात आणि हात एकदम सगळ्या झाकू शकत नाही. इथे परिस्थिती खरंच सुधारली आहे.

मिलिमीटर वेव्हचं, म्हणजे खूप उंच फ्रिक्वेन्सीवरच्या फाइव्ह-जीचं, मात्र वेगळं आहे. २८ गिगाहर्ट्झला तरंगलांबीच जेमतेम एक सेंटिमीटर, अँटेनाचं पूर्ण मॉड्यूल बोटाच्या पेराएवढं, आणि त्या लहरी हातातून आरपार जातच नाहीत, त्वचेच्या वरच्या थरातच संपतात. एक बोट नेमकं मॉड्यूलवर आलं की ते मॉड्यूल त्या वेळेपुरतं मेलं. म्हणून अशा फोनमध्ये दोन-तीन मॉड्यूल वेगवेगळ्या बाजूंना बसवतात आणि जे उघडं असेल त्यावर फोन उडी मारतो. २०२० च्या आयफोन १२ च्या अमेरिकेतल्या मॉडेलला उजव्या कडेला एक लांबट गोलसर खिडकी दिसते ती यासाठीच, धातूच्या फ्रेममधून या लहरींना बाहेर पडायला वाट. आणि इथे कंपन्यांनी हात कुठे येतो याचा अभ्यास आधी करून मग जागा ठरवल्या, दोन-तीन मॉड्यूलचा खर्च सोसला. तुम्ही मिलिमीटर वेव्हचा फोन घेणार असाल तर किती मॉड्यूल आहेत आणि कुठल्या बाजूंना आहेत एवढं विचारा, एकच असेल तर तो फोन घेऊ नका.